गाडीच्या छताचे अस्तर

आमची गाडी 2003 सालची आहे. वडिलांनी ती निवृत्तीच्या पैशांतून घेतली होती, आणि ते गेल्यानंतरही ती विकण्याचा विषय घरात कधी निघाला नाही. इंजिन अजून उत्तम चालते आणि पत्र्याला गंजही किरकोळच आहे. छताचे आतले कापड मात्र तीन वर्षांपूर्वी मागच्या काचेच्या बाजूने सुटू लागले. आधी तळहाताएवढा फुगा दिसला. पुढच्या पावसाळ्यात तो मागे बसणाऱ्याच्या डोक्यापर्यंत उतरला. आई मागच्या सीटवर बसली की कापड तिच्या अंबाड्यावर टेकत असे, आणि खानापूरहून बेळगावला पोहोचेपर्यंत ती एक हात वर धरून बसत असे. पुढे आरशातून मागची काच अर्धीच दिसू लागली, तेव्हा हा केवळ शोभेचा प्रश्न राहिला नाही.

गॅरेजमध्ये या भागाला सरसकट ‘रूफ लायनिंग’ किंवा नुसते ‘रूफ’ म्हणतात. मी त्याला छताचे अस्तर म्हणतो, कारण परकराला किंवा कोटाला अस्तर असते तसेच ते पत्र्याला असते, आणि कोटाप्रमाणेच इथेही अस्तर बिघडले की बाहेरून काहीच कळत नाही.

पहिली दुरुस्ती मी श्रावणात एका दुकानात करून घेतली. तिथल्या माणसाने कापडाला जागोजागी बारीक छिद्रे पाडून सुईच्या पिचकारीने आत चिकटद्रव्य सोडले आणि वरून हात फिरवला. अर्ध्या तासात काम झाले, गाडी छान दिसू लागली, आणि मी समाधानाने घरी आलो. पुढच्या मार्चमध्ये ऊन तापू लागताच कापड पुन्हा सुटले. या वेळी जिथे जिथे द्रव्य गेले होते तिथे कडक पिवळे डागही उमटले होते. मग आम्ही नकाशांना लावतात तशा रंगीत डोक्याच्या पिना टोचल्या. त्या महिनाभर टिकल्या, आणि एके दिवशी बेळगावच्या तिसऱ्या रेल्वे गेटजवळ गाडीला धक्का बसला तशी त्यांतली एक भाच्याच्या मांडीवर पडली. मूल मागे बसलेले असताना डोक्यावर टोकदार पिना ठेवणे योग्य नाही, हे मला तेव्हाच कळायला हवे होते. त्याच संध्याकाळी मी सगळ्या पिना काढल्या.

खरा उलगडा बेळगावातल्या एका जुन्या कुशन कारागिराने केला. चाळीस वर्षे सीट आणि जीपचे हुड शिवणारे हे गृहस्थ. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणतो. त्यांनी सुटलेल्या कापडाची कड वर उचलली, आत दोन बोटे घातली आणि बाहेर काढून मला दाखवली. बोटांवर तांबूस पिवळी पूड होती, निपाणीच्या बाजारात मिळणाऱ्या तपकिरीसारखी. त्यांनी ती अंगठ्याने चोळली तशी तिची चिकट मळी झाली.

“कापडाला काय झालं नाही वो, सर,” ते म्हणाले. “आतला फोम मेलाय. मेलेल्या फोमला किती बी सोल्युशन लावा, धरायचं कशाला?”

या एका वाक्यात सगळे आले, आणि पुढे मी जे वाचले आणि केले ते त्याचेच स्पष्टीकरण आहे. छताचे अस्तर हे दिसते तसे एकेरी कापड नसते. पत्र्याच्या खाली साच्यात दाबून घडवलेला एक हलका तक्ता असतो, बहुधा काचतंतूंचा किंवा राळ मुरवलेल्या तंतूंचा. त्या तक्त्यावर जे कापड चिकटवलेले असते त्याच्या पाठीवर साधारण तीन मिलिमीटर जाडीचा पॉलीयुरेथेन फोमचा थर कारखान्यातच बसवलेला असतो. चिकटद्रव्य तक्ता आणि फोम यांना जोडते. कापड मात्र फोमलाच धरून असते. म्हणजे दोन सांध्यांच्या मध्ये फोम हा एकच दुवा आहे. वर्षानुवर्षे उष्णता आणि हवेतला ओलावा लागून त्या फोमच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात, त्याचा स्पंजासारखा लवचिकपणा जातो आणि त्याचे पीठ होते. मूळ चिकटद्रव्य अजूनही तक्त्याला घट्ट असते, कापडही धडधाकट असते; त्या दोघांच्या मधले जे होते तेच नाहीसे होते. पिचकारीने सोडलेले द्रव्य या पिठाला चिकटते, आणि पीठ कशालाच चिकटलेले नसते.

पॉलीयुरेथेनचे रसायन ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1937 साली जर्मनीत शोधले. त्याचे दोन मोठे प्रकार आहेत. त्यांतला एस्टर प्रकार पाण्याच्या वाफेला कमकुवत असतो. कापडावर आच देऊन फोम चिकटवण्याच्या पद्धतीत मात्र अनेक वर्षे हाच प्रकार वापरला गेला, कारण तो आचेने चांगला धरतो. बंद गाडीच्या छताखाली उन्हाळ्यात तापमान सहज 60 अंशांवर जाते, आणि आमच्या खानापूरच्या पावसाळ्यात जून ते सप्टेंबर कपाटातली चप्पलसुद्धा बुरशीने पांढरी होते. जांबोटी, कणकुंबीकडून येणारा तो पाऊस आणि त्यानंतरचे ऊन असा वीस वर्षांचा फेरा या फोमने सोसला. आमची गाडी शिवाय उघड्या अंगणात उभी असते. अथणीला राहणाऱ्या मामांची गाडी आमच्याहून दोन वर्षांनी जुनी असूनही तिचे छत अजून घट्ट आहे. एका उदाहरणावरून सिद्धान्त मांडता येत नाही, आणि त्यांच्याकडे गाडीसाठी शेडही आहे. पण एकाच जिल्ह्याच्या पश्चिमेला ओल आणि पूर्वेला कोरडे ऊन असताना हा फरक माझ्या मनात राहिला आहे.

चाचांनी आणखी एक गोष्ट सांगितली जी मला फार महत्त्वाची वाटली. जुन्या अ‍ॅम्बॅसेडरमध्ये आणि प्रीमियर पद्मिनीमध्ये छताचे कापड चिकटवलेले नसे. त्याच्या पाठीला आडव्या पट्ट्यांची नेफ्यासारखी घरे शिवलेली असत, त्यांतून पोलादी तारा ओवून त्या दोन्ही बाजूंना अडकवल्या जात आणि कापडाच्या फक्त कडा चिकटवून ताणल्या जात. तिथे फोमवर काहीच अवलंबून नव्हते, त्यामुळे शिवण उसवली किंवा कड सुटली तरच कापड लोंबे, आणि सुईदोरा घेऊन बसणाऱ्या माणसाला ते नीट करता येई. पुढे एकसंध तक्ता आला. तो कारखान्यात समोरची काच बसवण्यापूर्वीच त्या मोठ्या उघड्या जागेतून आत सरकवून झटपट लावता येतो. कारखान्याची ही सोय दुरुस्ती करणाऱ्याच्या वाट्याला मात्र अडचण म्हणून येते, कारण आपल्याला तोच तक्ता काच न काढता दारातून बाहेर काढायचा असतो.

मी हे काम तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारी घरीच केले. ही वेळ मुद्दाम निवडली होती. सिंथेटिक रबराचे जे चिकटद्रव्य यासाठी वापरतात त्यातला द्रावक उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, आणि हवा दमट असेल तर त्यावर पाणी धरून पांढुरका थर येतो. तो आला की सांधा कच्चा राहतो. माझी पहिली दुरुस्ती श्रावणात झाली होती हे इथे आठवावे. ती फोममुळे फसणारच होती, पण ओल्या हवेनेही तिला मदत केली नसावी.

तक्ता काढणे हे कौशल्यापेक्षा संयमाचे काम आहे. आधी बॅटरीची ऋण तार सोडली. मग सन व्हायजर, आतला दिवा, दारांच्या वरच्या धरायच्या मुठी, दारांच्या कडेचे रबरी बीडिंग आणि खांबांवरची प्लास्टिकची आवरणे, या क्रमाने सर्व सुटे केले. मुठींचे स्क्रू लहान झाकणांखाली लपलेले असतात, ते शोधल्याशिवाय ओढले तर मूठ तुटते. काढलेला प्रत्येक स्क्रू मी त्या त्या भागाचे नाव लिहिलेल्या कागदी पाकिटात ठेवला. ज्यांच्या गाडीत खांबांवर किंवा छताच्या कडेला एअरबॅग लिहिलेले असेल त्यांनी हे काम घरी करू नये, जाणत्या माणसाकडेच द्यावे. आमच्या गाडीत पडद्याच्या एअरबॅग नाहीत म्हणून मी हात घातला. शेवटी पुढच्या दोन्ही सीट पूर्ण मागे पाडून, मेहुणे एका टोकाला आणि मी दुसऱ्या टोकाला असे धरून तक्ता तिरपा करत मागच्या उजव्या दाराने बाहेर काढला. तो एका जागी वाकला तर कायमची घडी पडते, म्हणून घाई करू नये. दिव्याची तार तक्त्याच्या पाठीला चिकटवलेली असते हे आम्हाला वेळीच दिसले.

यानंतरचा भाग सर्वांत कंटाळवाणा आहे, आणि सर्वांत महत्त्वाचाही तोच आहे. जुने कापड एका ओढीत, काहीही प्रतिकार न करता निघून आले. खाली राहिला तो मेलेला फोम: काही ठिकाणी कोरडी पूड, काही ठिकाणी गुळाच्या काकवीसारखा चिकट, आणि दिव्याच्या खोलगट जागेत अजून थोडा जिवंत. हा सगळा काढल्याशिवाय नवे काही लावायचे नाही, असे चाचांनी मला बजावले होते. मी कपडे धुण्याचा नायलॉनचा ब्रश घेतला, नाकातोंडावर मास्क आणि डोळ्यांवर चष्मा लावला, कारण ही पूड हवेत तरंगते आणि घशात बसते. तारेचा ब्रश वापरला तर तक्त्याचे तंतू उसवून वर येतात. पाणी ओतले तर काही तक्ते फुगतात. म्हणून कोरडेच घासत राहिलो, मध्ये मध्ये व्हॅक्यूमने ओढत राहिलो. अडीच तास लागले. अंगणातली फरशी पिवळी झाली. शेवटी तक्त्यावर तळहात फिरवला तेव्हा हाताला काहीच लागले नाही, आणि त्या क्षणी मला प्रथमच खात्री वाटली की हे काम टिकेल. मागच्या कोपऱ्यात तक्ता तडकला होता. तिथे पाठीमागून काचतंतूंच्या कापडाचा तुकडा आणि रेझिन लावून रात्रभर वाळू दिले.

कापडाच्या बाबतीत माझी एक चूक मेहुण्यांनी वाचवली. त्यांचे घराणे वडगावचे, मागावर साडी विणणाऱ्यांचे. मी बेळगावच्या बाजारातून एक सुंदर, राखाडी, घट्ट विणीचे सुती कापड आणून ठेवले होते. त्यांनी त्याचे टोक दोन्ही हातांत धरून आधी उभे, मग आडवे ओढून पाहिले.

“दाजी, हे ताण्या-बाण्याचं कापड आहे, हे तिरकं तेवढं ताणतंय, सरळ नाही,” ते म्हणाले. “दिव्याच्या खळग्यात हे बसायचं कसं? चुण्या पडणार.”

त्यांचे म्हणणे बरोबर होते. गाडीच्या छतासाठी गुंफणीचे, म्हणजे बनियनसारखे चारी बाजूंनी थोडे ताणणारे कापड लागते, आणि त्याच्या पाठीवर फोम असावाच लागतो. फोम नसेल तर तक्त्यावरचा प्रत्येक उंचवटा वर दिसतो आणि चिकटद्रव्य झिरपून डाग पडतात. असे फोम लावलेले कापड सीटकामाचे सामान विकणाऱ्या दुकानात मीटरवर मिळते. दीड मीटर पन्ह्याचे सव्वादोन मीटर कापड आम्हाला पुरले. मी दुकानदाराकडून एक कातरण मागून घेतले, घराबाहेर चिमट्यात धरून पेटवून पाहिले आणि ते भराभर पेटत नाही एवढी खात्री केली. गाडीच्या आतल्या साहित्याच्या ज्वलनशीलतेसाठी आयएस 15061 हे भारतीय मानक आहे, आणि घरच्या कातरणाची परीक्षा त्याची जागा घेऊ शकत नाही हे मला ठाऊक आहे, तरी डोक्यावर येणाऱ्या कापडाबद्दल इतके तरी पाहावे असे मला वाटते. आणलेले सुती कापड वाया गेले नाही, त्याचे उशांचे अभ्रे झाले.

चिकटद्रव्य उष्णता सहन करणारेच हवे. हस्तकलेसाठी मिळणारे साधे स्प्रे उन्हाळ्यात मऊ होतात आणि सगळी मेहनत खाली येते. ब्रशने लावले तर फोम ते जास्त पितो आणि वाळल्यावर त्या जागा कडक होऊन वरून उमटतात, म्हणून फवारा मारणेच चांगले. आमच्या गावातल्या, गाड्यांना रंग मारणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराने आपला कॉम्प्रेसर आणि स्प्रे गन आणली. या द्रव्याची वाफ पेट घेते, आणि कोंडलेल्या जागेत ती डोक्यालाही चढते. म्हणून अंगणातच काम केले, विडी ओढणाऱ्यांना फाटकाबाहेर ठेवले, आणि आईने त्या संध्याकाळी तुळशीपुढचा दिवा मागच्या दारी लावला.

तक्ता दोन स्टुलांवर पालथा न ठेवता सरळ, म्हणजे कापडाची बाजू वर करून ठेवला. त्यावर कापड अंथरले, चारी बाजूंना वीतभर जास्त ठेवले आणि मग पुढचा अर्धा भाग मागे दुमडला. उघड्या तक्त्यावर दोन हात आणि फोमवर एक हात फवारून आम्ही थांबलो. या थांबण्यावरच सगळे अवलंबून असते. बोट लावले तर चिकटल्यासारखे वाटावे, पण बोटावर काही येऊ नये, इतके वाळायला आम्हाला बारा-तेरा मिनिटे लागली. मग मेहुण्यांनी कापडाची कड वर धरून ठेवली आणि मी मध्यावरून कडेकडे हळूहळू टेकवत गेलो. पुरणपोळी लाटताना पुरण कडेपर्यंत सारावे पण कुठे दाबून फाटू नये, तसा हात ठेवावा लागतो; जोर दिला तर फोम चेपून तिथे खळगा राहतो. दिव्याच्या खोलगट जागेत घाई केली असती तर कापड तिच्यावरून तंबूसारखे ताणले गेले असते, आणि असा ताणलेला भाग पुढच्या उन्हात सर्वांत आधी सुटतो. तिथे मी आधी खळग्याच्या तळाला कापड टेकवले, मग बोटांच्या पेरांनी भिंती चढवत वर आलो. एका चौरस वितीच्या त्या जागेला पंधरा मिनिटे लागली. दुसरा अर्धा भाग त्यामानाने पटकन झाला.

कडा पाठीमागे दोन बोटे दुमडून चिकटवल्या. दिव्याची आणि मुठींची भोके लगेच कापली नाहीत. तक्ता पूर्ण एक दिवस तसाच ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी पाठीमागून छिद्र चाचपून फुलीच्या आकाराचा लहान छेद दिला. भोक जेवढे आहे तेवढे गोल कापू नये. फुलीचे चार कोपरे आत दुमडले जातात आणि धागा सुटत नाही.

परत बसवताना काढण्याइतका त्रास झाला नाही, फक्त स्वच्छ हात आणि दाराच्या चौकटीवर जुनी चादर हवी, नाहीतर नव्या कापडावर पहिल्याच मिनिटाला काळा पट्टा उमटतो. आधी दिव्याची तार जोडली, मग मुठींचे स्क्रू अर्धे बसवून तक्ता टांगता ठेवला, आणि सर्व बाजू जुळल्यावर घट्ट केले. कापड, चिकटद्रव्य, रेझिन आणि कॉम्प्रेसरवाल्याचे मानधन धरून खर्च दोन हजारांच्या आसपास आला. मानधन घ्यायला तो तयार नव्हता, आईने दिले म्हणून त्याने घेतले.

त्यानंतर एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाडी धुताना मी मागच्या काचेजवळच्या कडेवरून, जिथून पहिल्यांदा सुटले होते तिथून, पूर्ण रुंदीवर बोट फिरवले. कड घट्ट आहे. डाव्या मुठीच्या मागे करंगळीएवढी एक सुरकुती राहून गेली आहे. ती पहिल्या दिवशी जेवढी होती तेवढीच आहे, म्हणून तिला हात लावलेला नाही.